तुम्ही विचारलंत म्हणून: फादरचं तिथे काय काम?

औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत एका फादरचं काय काम, हे डॉक्टरही विचारतात आणि आमच्या वसईतले चर्चवालेही, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

२०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांत एक जागा अशी आहे की तिथे समाजशास्त्रज्ञ, एनजीओवाला, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ नाहीतर धर्मशास्त्राचा माणूस यातला कोणीही चालतो. मागच्या दाराने घुसलेलो नाही मी. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये २६ बिशप नुसत्या पदामुळे बसतात, तसलं काही इथे यावं असंही मला वाटत नाही.

आता खरं दुखणं. संधिवाताच्या औषधाची चाचणी होती, भाग घेणाऱ्या बायकांना गर्भनिरोधक वापरणं बंधनकारक, आणि आमच्या कॅथलिक चर्चला तर ती साधनं मान्यच नाहीत. लगेच एक डॉक्टर म्हणाले, फादर, तुमचा इथे कॉन्फ्लिक्ट आहे, बाहेर थांबता का? मी हललो नाही. म्हटलं, साधनं न वापरता संयम पाळणारीलाही, म्हणजे शरीरसंबंधच टाळणारीलाही घ्या ना, आणि तरीही दिवस राहिले आणि बाळाला काही झालं तर भरपाई कोण देणार ते फॉर्मवर कुठाय, नियमांत तर पोटातल्या बाळाचीही भरपाई आहे. यावर एक डॉक्टरबाई म्हणाल्या, "संयम? फादर, तिच्या घरी ते ती ठरवते का? नवरा-बायकोतलं तुम्हाला काय कळतं?" सगळे हसले, मीही हसलो. लागलं मात्र खूप, कारण कन्फेशनला बसून जे ऐकतो ते तिथे सांगता येत नाही, आणि ऐकतो ते बाईंच्याच बाजूचं असतं. भरपाईचं कलम फॉर्ममध्ये आलं, संयमाचं नाही आलं, आणि मी हो म्हणून सही केली.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर एका ज्येष्ठ फादरांनी विचारलं, संततिनियमनाला मत दिलंस? म्हटलं, औषधाला दिलं. वकिली उत्तर आहे, मलाही कळतं. सेमिनरीत फादर होण्याचं शिक्षण घेणारा मी असतो तर गर्भनिरोधकांना मनाई करणारं १९६८ चं पोपचं परिपत्रक काढून माझ्याच तोंडावर आपटलं असतं, आणि त्याला आजही माझ्याकडे धड उत्तर नाही.

मग जायचं कशाला? तर २०१० साली थांबवलेला तो एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी लस) प्रकल्प आठवा, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममधल्या आदिवासी मुलींच्या संमतीवर कितीतरी ठिकाणी हॉस्टेलच्या वॉर्डननेच सह्या केल्या होत्या. डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेरचं कोणीतरी खोलीत हवं ते यासाठी. पण आवाज उठवला तो महिला संघटनांनी, आमच्यातल्या कोणी नाही, मग ती खुर्ची माझ्यापेक्षा त्यांची जास्त नाही का? असेलही. मुदत संपत आलीय, परत नाव द्यायचं का ते ठरलेलं नाही. आणि प्लीज, मिस्सेनंतर चर्चच्या दारात हा विषय काढू नका, मागे लोक ताटकळतात.