रिव्हर व्ह्यू ठीक, पण जमीन किती उरलीय?

भावोजींना रिटायरमेंटनंतर गुजरातेत मही नदीच्या काठी प्लॉट घ्यायचाय, वडोदऱ्याजवळ सिंधरोटच्या बाजूला, आणि ब्रोकर रिव्हर व्ह्यू रिव्हर व्ह्यू करून एवढा मागे लागलाय की रविवारी मलाही ओढून नेलं. व्ह्यू आहे, खोटं कशाला बोला. पण टोकाला गेलो तर तारेच्या कंपाउंडचा शेवटचा सिमेंटचा खांब चक्क हवेत, खाली जमीनच नाही, नुसता तारेला लोंबकळतोय, बाजूच्या कडुलिंबाची मुळं पण उघडी. ब्रोकर म्हणे, "ए तो चोमासामां थोडुं धोवाण थाय, साहेब." म्हणजे पावसाळ्यात थोडी धूप होतेच.

थोडुं म्हणे! महीची कोतरं, म्हणजे काठच्या खोल घळी, फक्त नदी खालून कापते म्हणून वाढत नाहीत, वरच्या शेतातलं पावसाचं पाणी कोतरात उतरतं आणि कोतराचं तोंड दर पावसाळ्यात मागे मागे सरकत येतं. पूर आला की निदान पंचनामा तरी होतो, हे असं हळूहळू गेलं तर कोण येणार बघायला? दस्तावर क्षेत्रफळ तेवढंच, सातबारावर तेवढंच, आणि तुम्ही पैसे मोजताय ते त्या कागदावरच्या आकड्याचे.

कायद्यात सोय आहे बरं का. 1879 चा लँड रेव्हेन्यू कोड (जमीन महसुलाचा कायदा) गुजरातमध्ये अजून चालतो, त्याच्या कलम 47 मध्ये लिहिलंय की नदीने जमीन नेली तर तिचा शेतसारा कमी होतो, पण गेलेली जमीन किमान अर्धा एकर हवी. अर्धा एकर म्हणजे 21,780 स्क्वेअर फूट. भावोजींचा अख्खा प्लॉट दोन-अडीच हजाराचा, म्हणजे पूर्ण प्लॉट नदीत गेला तरी या कलमाचा त्यांना काही उपयोग नाही 😄 आणि इन्शुरन्सचं म्हणाल तर घराच्या पॉलिसीत पूर कव्हर होतो, पण जमीन खचण्याच्या कव्हरमधून नदीची किंवा समुद्राची धूप सरळ वगळलेली असते. बारीक अक्षरात असतं, वाचा.

एक जुनी केस मात्र भारी आहे. 1870 ला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, लोपेझ विरुद्ध मदन मोहन ठाकूर मध्ये सांगितलं की गंगेने नेलेली जमीन पुन्हा त्याच जागी वर आली आणि ओळखता आली तर ती मूळ मालकाचीच. गंगेत ठीक आहे, तिथे नदी इकडून घेते तिकडे टाकते. कोतरातली माती परत कुठली येतेय, ती जाते खंभातच्या आखाताकडे, जिथलं जुनं बंदरच गाळाने भरून गेलं.

मी भावोजींना एवढंच म्हटलं की टोकन देण्याआधी स्वतःचा सर्व्हेअर आणा, आजच्या कडेपासून मोजणी करा आणि उरलेल्या जमिनीचाच भाव लावा. ब्रोकरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भावोजींना पटलंय, आता रस्त्याकडचा प्लॉट बघतायत. ताई मात्र व्ह्यूवर अडून बसलीय.