थॅलेसेमियाच्या मुलांचा रक्तगट आम्ही डीएनएवरून का काढतो

थॅलेसेमियाच्या मुलाचा नमुना जेल कार्डवर (रक्तगट तपासायच्या, जेल भरलेल्या छोट्या नळ्यांच्या कार्डावर) लावला की बरेचदा काही पेशी वर अडकलेल्या दिसतात, काही तळाला गेलेल्या. आम्ही याला ‘मिक्स्ड फील्ड’ म्हणतो. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढणाऱ्या या मुलांच्या अंगात कितीतरी दात्यांच्या लाल पेशी फिरत असतात. एबीओ आणि आरएच डी जुन्या फाईलवरून कळतात. पण केल, डफी, किड हे लाल पेशींवरचे इतर रक्तगट? कार्डवर दिसतंय ते मुलाचं की दात्याचं, कसं ठरवणार?

आणि अडचण करतात ते हेच गट. दात्याच्या पेशींवरच्या किडविरुद्ध मुलाच्या अंगात तयार होणारी अँटिबॉडी तर फार फसवी. काही महिन्यांत ती इतकी उतरते की क्रॉसमॅचमध्ये (दात्याचं रक्त जुळतं का, या चाचणीत) सापडत नाही. पुन्हा तसंच रक्त गेलं की उसळते आणि काही दिवसांत हिमोग्लोबिन घसरतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते.

म्हणून मला डीएनए तपासणी इतकी मोलाची वाटते. परिपक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे दात्यांच्या लाल पेशींची लुडबुड संपते. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यायचं आणि मुलाच्या पांढऱ्या पेशींतून डीएनए काढायचा. किडच्या जनुकात ८३८व्या जागी ‘जी’ हे अक्षर असेल तर जेके-ए, ‘ए’ असेल तर जेके-बी, हे किडचे दोन प्रकार. एवढ्या एका अक्षराचा फरक. त्यासाठी दोन ट्यूब लावतो. एकीतला प्रायमर (डीएनएची प्रत सुरू करणारा छोटा तुकडा) फक्त ‘जी’ असेल तरच नीट बसतो, दुसरीतला फक्त ‘ए’ असेल तर. ९५ अंशांना डीएनएचे धागे सुटतात, तापमान उतरलं की प्रायमर चिकटतो, ७२ अंशांना नवा धागा तयार होतो; हाच पीसीआर. मग ॲगरोज जेल, त्यावर तयार झालेले तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात.

जेलवर माझी नजर आधी कंट्रोलच्या पट्टीवर जाते. ही पट्टी दुसऱ्याच एका जनुकाची असते आणि प्रत्येक लेनमध्ये (जेलवरच्या एकेका ट्यूबच्या रांगेत) दिसलीच पाहिजे. ती नसेल तर पीसीआर चाललेलाच नाही. अशा लेनवर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, ती पुन्हा लावायची. रिपोर्टची कितीही घाई असो, यात तडजोड नाही.

तरी एकट्या जनुकावर विसंबू नये. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला बॉम्बे गट घ्या. अशा माणसाचं एबीओ जनुक ‘बी’ दाखवू शकतं, पण एफयूटी१ जनुक बिघडल्यामुळे लाल पेशींवर ए आणि बीचा पाया असलेला एच अँटिजेनच तयार होत नाही, मग बी चढणार कशावर? त्याला बी गटाची पिशवी दिली तर जिवावर बेतेल. म्हणून पेशी, सीरम आणि डीएनए, तिन्ही निकाल शेजारी ठेवूनच मी सही करते.

आईबाबांना एकच सांगणं: बाळाला पहिली पिशवी चढण्याआधी केल, डफी, किडसकट पूर्ण फिनोटाइप (लाल पेशींवर कोणकोणते गट आहेत याची तपासणी) करून मागा. तेव्हा लाल पेशींच्या साध्या तपासणीत ते कळतं, पीसीआरची गरजही पडत नाही.