आमचा टीआरपी कुणी मोजलाच नाही

'अमार अ मुएर्ते' नावाची एक मेक्सिकन मालिका आहे, २०१८-१९ मधली. आपल्याकडे रोज रात्री मालिका बघणाऱ्या कुणालाही तिची गोष्ट सांगितली तर नवल वाटणार नाही. एका श्रीमंत उद्योगपतीचा खून होतो, त्याचा आत्मा भलत्याच माणसाच्या शरीरात जातो, आणि मग तो स्वतःच्याच घरच्यांसमोर अनोळखी म्हणून उभा राहतो. त्या उद्योगपतीची मुलगी व्हॅलेंतिना. आणि ज्याच्या शरीरात तो शिरलाय त्या माणसाची मुलगी हुलियाना. या दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात. मुख्य कथा वेगळीच चाललेली असते, सूडबीड, खुनाचा छडा वगैरे, आणि या दोघींचा ट्रॅक मधेमधे येतो, कधी एका एपिसोडमध्ये काही मिनिटं, कधी तेवढाही नाही.

तर तेवढ्या मिनिटांवर जगभरातल्या बायका जीव टाकून बसल्या होत्या. स्पॅनिशचा एक शब्द न कळणाऱ्या बायका. मीही त्यातलीच, इकडे नाशिकमध्ये. हॉलमध्ये घरचे त्यांची मालिका बघायचे आणि मी आतल्या खोलीत इअरफोन लावून ही. दोघींची नावं जोडून 'हुलियांतिना' झालं आणि त्या नावाने शोधलं की सगळं सापडायचं. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा नाही असा, निकाल आला आणि ऑक्टोबरच्या शेवटी ही मालिका सुरू झाली, त्यामुळे माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी कायमच्या एकत्र आहेत. मला मुली आवडतात हे मला आधीपासून माहीत होतं, पण ते उघड्यावर, रोजच्या मालिकेत, प्राइम टाइमला, आईवडील-भांडणं-लग्नकार्य या सगळ्याच्या मधोमध चाललेलं मी कधी बघितलं नव्हतं.

पण मला खरं लिहायचंय ते मालिकेबद्दल नाही, ती आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या बायकांबद्दल.

कारण चॅनेलने काहीच पोचवलं नव्हतं. चॅनेलला आपल्या देशातला प्रेक्षक दिसतो, त्यांच्या घरातलं रेटिंग दिसतं, बास. मग कुणीतरी तिकडे एपिसोड रेकॉर्ड करायची, कुणी त्यातून फक्त या दोघींचे सीन कापून क्रमाने लावायची, कुणी ऐकून ऐकून संवाद लिहून काढायची आणि प्रत्येक ओळीला वेळ लावायची, मग इंग्रजी, आणि इंग्रजीवरून पुढे दुसऱ्या भाषा. मग ते यूट्यूबवर चढवायचं, कॉपीराइटवरून उडालं की परत दुसरीकडे चढवायचं. पैसे नाहीत, नाव नाही, टोपणनावं सगळी. दिवसभर नोकरी किंवा कॉलेज करून रात्री हे. आणि इतकं नीट की मधल्या मुख्य कथेत काय झालं ते दोन ओळीत क्लिपच्या खाली लिहून ठेवायच्या, म्हणजे नंतर येणारीचा गोंधळ नको. मी पुढे एका दुसऱ्या मालिकेच्या वेळी इंग्रजी सबटायटल तपासून द्यायचं थोडं काम केलं तेव्हा कळलं की दहा मिनिटांच्या क्लिपला किती डोळे फुटतात ते.

हे हुलियांतिनापासून सुरू झालं असं अजिबात नाही. जर्मनीत साट आइन्स चॅनेलवर २०१०-११ मध्ये 'हांड आउफ्स हेर्त्स' म्हणून शाळेतली मालिका होती, त्यातल्या जेनी आणि एम्मा, म्हणजे 'जेम्मा'. मालिकेला जर्मनीत रेटिंग मिळालं नाही, २०११ मध्ये बंद पडली. पण या दोघींच्या सबटायटल लावलेल्या क्लिप बाहेरच्या देशांत फिरत राहिल्या, अजून फिरतात, आणि त्यातला एकही प्रेक्षक जर्मन रेटिंगमध्ये धरलेला नव्हता. स्पेनमध्ये 'अमार एस पारा सिएम्प्रे' या दुपारच्या मालिकेत लुइसिता आणि अमेलिया, १९७० च्या दशकातल्या, त्यांच्यावर लोकांनी इतकं प्रेम केलं की २०२० च्या फेब्रुवारीत त्या दोघींना आजच्या काळात आणून त्यांच्याच नावाची वेगळी सिरीज आली, 'लुइमेलिया'. म्हणजे चाहत्यांनी जोडलेलं नावच सिरीजचं नाव झालं! मला ही बातमी कळली तेव्हा मी अक्षरशः उड्या मारल्या होत्या.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की काय या पोरी दोन पात्रांसाठी रडतात. त्यांच्यासाठी २०१६ चं सांगते. 'द हंड्रेड' नावाची अमेरिकन सिरीज, त्यात लेक्सा नावाची सेनापती आणि क्लार्क. ३ मार्च २०१६ च्या एपिसोडमध्ये दोघी शेवटी एकत्र येतात आणि लगेच पुढच्या काही मिनिटांत लेक्साला गोळी लागते, तीही दुसरीसाठी झाडलेली, चुकून. आता २००२ मध्ये 'बफी' या अमेरिकन सिरीजमध्ये टारा मेली ती कशी? रुसवा मिटून ती आणि तिची प्रेयसी विलो एकत्र आल्या आणि खिडकीतून आलेली गोळी, तीही बफीसाठी झाडलेली, चुकून. चौदा वर्षं मधे गेली आणि लिहिणाऱ्यांना तेच सुचलं. या दोन्हींच्या मधेही अशी कितीतरी पात्रं मेली, मारली गेली, आणि ज्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसारखं कुणी पडद्यावर बघितलं तिला दर वेळी हेच कळत होतं की तुझ्या गोष्टीचा शेवट हा असा असतो. त्याचा राग आला तो योग्यच होता.

आणि त्या रागाचं त्यांनी काय केलं ते मला फार मोठं वाटतं. आरडाओरडा झाला, ट्रेंड झाले, सिरीजच्या निर्मात्याने त्याच महिन्यात जाहीर माफी मागितली, ते सगळं झालंच. पण त्याच वेळी चाहत्यांनी ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी पैसे गोळा केले, म्हणजे आत्महत्येच्या विचारात असलेल्या एलजीबीटी मुलामुलींसाठी हेल्पलाइन चालवणारी अमेरिकन संस्था, आणि ती रक्कम एक लाख डॉलरच्या वर गेली. पुढच्या वर्षी लास वेगासला क्लेक्साकॉन नावाचं संमेलन सुरू झालं, क्लार्क आणि लेक्साच्याच नावाने. त्याच २०१६ मध्ये कॅनडात बनलेल्या 'वायनोना अर्प' च्या पहिल्या सीझनच्या शेवटी निकोलला गोळी लागते, आणि तिने बुलेटप्रूफ जॅकेट घातलेलं असतं. जगते ती. २०२१ मध्ये शेवटच्या एपिसोडला तिचं आणि तिच्या प्रेयसीचं, वेव्हर्लीचं, लग्न होतं. ते जॅकेट बघून किती जणींनी श्वास सोडला असेल.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही आणि ती लिहिलीच पाहिजे. काही चाहते त्या अभिनेत्री खऱ्या आयुष्यातही जोडी आहेत असं धरून चालतात, त्यांच्या नवऱ्यांना, बॉयफ्रेंडना शिव्या घालतात, त्यांचे खाजगी फोटो शोधून काढतात. हे चूक आहे. ज्या बायकांनी आपल्याला ही गोष्ट दिली त्यांनाच त्रास द्यायचा, हे कसलं प्रेम.

आता थायलंडने सगळं पालटून टाकलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'गॅप' आली, बँकॉकच्या ऑफिसातली बॉस सॅम आणि नवीन लागलेली मॉन, सॅमच्या घरी खानदान सांभाळणारी कडक आजी, तिने ठरवलेलं स्थळ (आजी मला थेट आपल्याकडची वाटते). फ्रीन आणि बेकी या दोघी त्यात. इथे दोघींचा ट्रॅक मधेमधे नाही, सगळी मालिकाच त्यांची, आणि निर्मात्यांनी स्वतःच ती सबटायटलसकट यूट्यूबवर टाकली, सगळ्या जगासाठी. कोट्यवधी व्ह्यूज. मग 'ट्वेंटीथ्री पॉइंट फाइव्ह', 'द सीक्रेट ऑफ अस', 'द लॉयल पिन', 'प्लूटो', २०२४ मध्ये तर रांगच लागली. २३ जानेवारी २०२५ पासून तिकडे दोन बायकांचं लग्नही कायदेशीर झालं. जे काम बायका रात्री जागून चोरीछुपे करत होत्या ते आता कंपन्या पगारी माणसं ठेवून करतात. बाहेरच्या देशातला प्रेक्षक हा प्रेक्षकच आहे हे त्या बायकांनी आधी दाखवून दिलं होतं, फुकट, आणि त्याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही म्हणून ही पोस्ट.

कुठून सुरू करू असं विचारणार असाल तर हुलियांतिनाच्या सीनपासून करा. दोघी शेवटी जिवंत आहेत आणि एकत्र आहेत, हे आधीच सांगून टाकते, आमच्यात ते आधी सांगायचीच पद्धत आहे. हळूहळू फुलत जाणारं प्रेम बघायला आवडत असेल तर 'गायडिंग लाइट' मधल्या ऑलिव्हिया आणि नतालिया बघा, ७२ वर्षं रेडिओ आणि टीव्हीवर चाललेली ती मालिका २००९ मध्ये संपली, आणि त्या दोघींना शेवटपर्यंत एकदाही चुंबन घेऊ दिलं नाही. राग येईल. मग त्यातल्या ऑलिव्हियाने, म्हणजे क्रिस्टल चॅपेलने, त्याच वर्षी डिसेंबरात सुरू केलेली 'व्हेनिस' ही वेब सिरीज शोधा, कारण त्यात नतालियाचं काम करणारी जेसिका लेचियाही आहे, आणि तिथे त्यांना अडवायला चॅनेल नव्हतं.