रांगेतला 'एन'

माझ्याकडे शिवणाचं मशीन आहे, हे एकदा चुकून बोलून गेले आणि तिथून सगळं सुरू झालं.

मुलगी तेव्हा नववीत होती. इथे ओहायोत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. ती शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या सामन्यांना मैदानावर चालत चालत वाजवणाऱ्या बँडमध्ये, क्लॅरिनेट वाजवायला लागली आणि आपोआप मीही बँडमध्ये भरती झाले. कारण या बँडचा डोलारा 'बूस्टर' म्हणवणारे पालक पेलतात. कुणी वाद्यांचा ट्रक चालवतं, कुणी पाण्याचे कॅन भरतं, कुणी वाढत्या पोरांच्या पँटी उसवून पुन्हा टाके घालतं. मी टाके घालणाऱ्यांतली. तशीच एके दिवशी सूझाफोनची टोपरी माझ्याकडे आली.

सूझाफोन ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पितळेचा अजगर अंगाभोवती वेटोळं घालून बसलाय आणि डोक्यावर त्याने परातीएवढा जबडा वासलाय, असं दिसतं. जॉन फिलिप सूझा नावाच्या बँडमास्तरांसाठी १८९०च्या दशकात तो बनवला गेला, म्हणून हे नाव. वजन पंधरा किलोच्या आसपास, सगळं एका खांद्यावर. त्या जबड्यावर ताणून बसवायचं एक लवचीक कापड असतं. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला नंतर कळलं, तोवर माझ्या तोंडी 'टोपरं' बसलं होतं. आमच्या शाळेचे सूझाफोन चार. चार टोपऱ्यांवर चार अक्षरं: बी, ए, एन, डी. चौघं ओळीत उभे राहिले की 'बँड' असं वाचता येतं. प्रेक्षकांकडून बघताना तिसरा, तो 'एन'.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. अंगाने आडवा, हसला की खांद्यावरचा अजगर हलायचा. बँडमधली आणखी एक मराठी मुलगी मला काकू म्हणते, तिचं ऐकून हाही म्हणायला लागला. 'काऽकू', पहिलं अक्षर लांबवून. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बसवतात, ती रीड. सूझाफोनला रीड नसते, तरी याच्या खिशात क्लॅरिनेटच्या दोन-तीन रीड कायम असायच्या. नववीतल्या मुलांची रीड हमखास ऐन सामन्याच्या आधी तडकते आणि रडारड होते, हे त्याने पाहून ठेवलं होतं. माझ्या मुलीला पहिल्याच सामन्यात त्याने रीड दिली. घरी येऊन तिने मला सामना कोण जिंकलं ते सांगितलं नाही, हे सांगितलं.

त्याचं एक स्वप्न होतं, आणि ते सगळ्या बँडला पाठ होतं. ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड मैदानावर चालत चालत वळणदार अक्षरांत 'ओहायो' लिहितो. १९३६ पासून. त्या शब्दातल्या 'आय'वरचं टिंब म्हणजे एक सूझाफोनवाला. तो ऐटीत पावलं टाकत येतो, जागेवर उभा राहतो, टोपी काढून दोन्ही बाजूंना कमरेतून वाकून नमस्कार करतो आणि लाखभर लोक ओरडतात. याला ते टिंब व्हायचं होतं.

अकरावी संपल्यानंतरच्या जुलैमध्ये तो अपघातात गेला. बँडचं शिबिर सुरू व्हायला दहा दिवस होते.

शाळेने सुट्टीतच बँडची खोली उघडली. समुपदेशक बसले. मुलं आली, जमिनीवर बसून राहिली. काही पालकांनी त्याच्या नावाचा बाक शाळेच्या आवारात बसवायचं ठरवलं, वर्गणीही जमायला लागली, आणि शाळेने नाही म्हणून सांगितलं. कायमचं स्मारक शाळेत नाही, कुणाचंच नाही. मला तेव्हा हे फार कोरडं वाटलं होतं. नंतर एका समुपदेशक बाईंनी समजावलं: एकाला बाक दिला तर पुढच्याला काय? मूल आजाराने गेलं, अपघातात गेलं की स्वतःच्या हाताने गेलं, शाळेने फरक करायचा नाही. आणि जी मुलं आधीच मनाने काठावर उभी आहेत, त्यांना रोज येता-जाता मरण फुलांनी सजवलेलं दिसू नये. पटलं. पण पूर्ण नाही, आजही.

मग मुलांनी त्यांच्या पद्धतीने बाक बसवला.

मार्चिंगमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते, तिला 'डॉट' म्हणतात. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. कितव्या ठोक्याला कुठल्या रेषेपासून किती पावलांवर उभं राहायचं, हे प्रत्येकाच्या वहीत लिहिलेलं. त्या वर्षीचा आराखडा जूनमध्येच तयार झाला होता, त्याला धरून. एखादं मूल गळालं की डायरेक्टर बाकीच्यांना सरकवून भगदाड बुजवतात, नेहमीची गोष्ट आहे. सूझाफोनची उरलेली तिघं डायरेक्टरांकडे गेली आणि म्हणाली, बुजवू नका. ते म्हणाले, परीक्षकांना रांग मोडलेली दिसेल, गुण जातील. मुलं म्हणाली, जाऊ देत.

तर त्या वर्षी शंभरावर मुलं मैदानभर वळत, फाकत, एकमेकांतून आरपार जात होती आणि त्यांच्यामधून एक रिकामी जागा बरोबर फिरत होती. कुणीही तिच्यात पाऊल टाकत नव्हतं. एकदा दिसली की नजर दुसरीकडे जायचीच नाही.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. शिबिराच्या शेवटी फोटोसाठी टोपरी चढवली. तिघं आपापल्या जागी उभे राहिले: बी, ए, मग रिकामी जागा, मग डी. समोर ड्रमवाली मुलं होती. एक क्षण शांतता. मग कुणीतरी वाचलं, 'बॅड'. वाईट. मी सुईदोरा हातात घेऊन बाजूला उभी होते. वाटलं, आता या पोरांचा बांध फुटणार. फुटला, पण हसण्याचा. मैदानावर लोळून हसली. रडत हसली. "त्याला हे फार आवडलं असतं" असं एकजण म्हणाला, आणि पुन्हा सगळी हसली. अक्षरं बदलून देऊ का, म्हणून मी विचारलं. तिघं एकदम नाही म्हणाले. अख्खा हंगाम आमचा बँड 'बॅड' म्हणून मिरवला.

ऑक्टोबरमध्ये ओहायो म्युझिक एज्युकेशन असोसिएशनच्या स्पर्धेत त्या भगदाडासकट त्यांना 'सुपीरियर', म्हणजे सर्वांत वरचा दर्जा मिळाला, आणि त्यामुळे राज्य अंतिम फेरीत जागा. शेवटच्या घरच्या सामन्याला बारावीची मुलं आईवडिलांचा हात धरून मैदानावर चालतात. त्याचे आईवडीलही चालले, दोघंच. मग तिन्ही सूझाफोनवाल्यांनी टोप्या काढल्या आणि रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना कमरेतून वाकले. विद्यापीठातला तो टिंबवाला वाकतो, तसे.

मे महिन्यात बारावीचा पारितोषिक समारंभ असतो. मला वाटलं होतं, पहिले तीन नंबर, टाळ्या, संपलं. इथे गुण मोठ्याने वाचतच नाहीत. मुलाच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या आणि पालकांच्या, असा १९७४चा देशाचा कायदाच आहे. नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शिष्यवृत्ती स्पर्धेतले हुशार उभे राहिले, खच्चून टाळ्या. वेल्डिंग शिकणारी मुलगी उठली, तेवढ्याच टाळ्या. सैन्यात जाणारी चार मुलं उठली तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. दोन तास चाललं. खरं सांगते, मध्ये मला डुलकी लागली.

जाग आली ती त्याच्या आईच्या आवाजाने. पत्रिकेत तिचं नाव मी आधीच वाचलं होतं आणि मला ते रुचलं नव्हतं. मुलांचा आनंदाचा दिवस, त्यात हे कशाला, असं आपलं माझं वाढवलेलं मन. शुभकार्यात गेलेल्याचा विषय काढू नये, हे आमच्यात कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. ती माईकपाशी आली. तिने खिशातून क्लॅरिनेटची रीड काढली आणि म्हणाली, "ही त्याच्या जॅकेटमध्ये सापडली. आमच्या घरात क्लॅरिनेट कुणीच वाजवत नाही. तुमच्यापैकी कुणाला तरी द्यायची राहिली असावी." सभागृह हसलं. ती थांबली, त्यांना हसू दिलं.

मग तिने बक्षीस जाहीर केलं. त्याच्या नावाची १००० डॉलरची शिष्यवृत्ती, दरवर्षी बँडमधल्या एकाला. अट गुणांची नाही, चांगलं वाजवण्याचीही नाही. सगळं सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत जो बसमध्ये चढत नाही, त्याला. आणि कॉलेजला जाणाराच असला पाहिजे असंही नाही. पहिलं बक्षीस ड्रमवाल्या एका मुलाला मिळालं. तो जूनपासून इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली उमेदवारी करणार होता. त्या पैशांतून तो हत्यारं घेणार. त्याने पाकीट घेतलं, तिला मिठी मारली आणि रीड मागितली. तिने दिली नाही.

पदवीदानाचं थोडक्यात सांगते. त्याच्या खुर्चीवर झगा आणि टोपी ठेवली होती, नाव आडनावाच्या क्रमात जिथे यायचं तिथेच वाचलं, प्रमाणपत्र धाकट्या बहिणीने घेतलं. टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे करायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

ऑगस्टमध्ये डायरेक्टरांची मेल आली. नव्या वर्षी सूझाफोनला चौथं मूल आलंय, नवा 'एन' शिवाल का? जुना त्याच्या आईकडे गेला होता. मी त्याच रंगाचं कापड शोधलं, अक्षर कापलं, इलॅस्टिक घातलं. पहिल्या वेळी सैल झालं, उसवून पुन्हा घातलं.

मैदानावर नेऊन दिलं. नववीतला काटकुळा मुलगा, अजगराच्या आत जेमतेम मावलेला. त्याला कुणी फारसं काही सांगितलं नव्हतं. 'ए' आणि 'डी' त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले, एकाने पट्टा नीट केला, दुसऱ्याने त्याला अर्धं पाऊल मागे सरकवलं. तो म्हणाला, "खांदा दुखतोय."

"दुखणारच," 'डी' म्हणाला. "चल, पहिल्यापासून."