अबोल मुलाचं पुढं कसं व्हायचं?

आमच्या कोल्हापुरात, उचगावच्या असोत, कसबा बावड्याच्या असोत की मंगळवार पेठेतल्या, शाळेतली पालकसभा संपली की आया थांबून हेच विचारतात. "मॅडम, पोरगं लई बुजरं हाय. वर्गात तोंडच उघडत न्हाई. ह्याचं पुढं कसं व्हायचं?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

गप्प असणं आणि अभ्यासात मागे पडणं यांचं नातं आपण समजतो तेवढं घट्ट नाही. मानसशास्त्रात स्वभावाची पाच अंगं मानतात: बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, नव्याची ओढ, मनाचं स्थैर्य आणि हाती घेतलेलं काम नेटानं पुरं करण्याची वृत्ती. आर्थर पोरोपॅट या संशोधकांनी २००९ साली ७०,०००हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेले अभ्यास एकत्र तपासले. गुणांशी सगळ्यांत पक्कं नातं निघालं ते नेटानं काम करण्याचं, आणि तेही बुद्धीपासून बऱ्याच अंशी वेगळं. बडबड्या स्वभावाचा एकूण फायदा नगण्य. अर्थात हे नातंही माफकच आहे. त्यावरून एका मुलाचं भविष्य कुणी सांगू नये.

हा नेट जन्मजात असतो तसा सवयीनं अंगी बाणतोही. आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराचा स्वभाव विचारत बसत नाही. पहाटे उठवतो, आखाडा उकरायला लावतो, जोर-बैठका मारून घेतो. रोज, त्याच वेळी. अभ्यासाचंही असंच ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी सुरू होऊ दे.

हल्ली काही पालक मोबाईलवर स्वभावाची चाचणी देऊन मुलाचा चार इंग्रजी अक्षरांचा 'टाइप', म्हणजे स्वभावाचा प्रकार, घेऊन येतात. या पद्धतीचं मूळ कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींच्या कामात आहे. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा टाइप बदलतो. त्यावर अकरावीची शाखा ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

अबोल मुलाचं खरं नुकसान शाळेत होतं, ते आम्हा शिक्षकांच्या नजरेमुळे. हात वर करणारा आम्हाला हुशार वाटतो. शिवजयंतीचं भाषण दरवर्षी त्याच चारपाच जणांकडे जातं. दहावीला भाषेच्या २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात तोंडी परीक्षा आली, की घरी घडाघडा बोलणाऱ्या मुलीचे शब्द आमच्यासमोर घशातच अडकतात. येत नाही म्हणून नव्हे, एवढ्या माणसांसमोर बोलायचं म्हणून. म्हणून मी विषय सगळ्या वर्गाला आधी देते आणि आधी शेजारच्याशी जोडीनं बोलायला लावते. पुष्कळ मुलं तिथेच मोकळी होतात.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक नको. मूल शांत आहे की घाबरलेलं आहे, हे पाहा. शांत मूल घरी, मित्रांत आपापल्या परीनं रमतं. घाबरलेल्याचं परीक्षा आली की पोट दुखतं, झोप उडते, शाळा नको वाटते. तसं असेल तर पुढच्या पालकसभेची वाट पाहू नका. वर्गशिक्षकांना लगेच भेटा, गरज पडली तर समुपदेशकाकडे न्या. आणि नसेल तर त्याला पाहुण्यांसमोर उभं करून कविता म्हणायला लावणं तेवढं आजपासून बंद करा.