लाल न झालेली रांग

विंचवाच्या विषातल्या एका रेणूपासून जिवाणू मारणारं काही घडवता येतं का ते आम्ही बघतो. त्या दिवशी दोन प्लेट, म्हणजे छोट्या खळग्यांच्या (आम्ही त्यांना विहिरी म्हणतो) तबकड्या, वाचायच्या होत्या, एक जिवाणूंची आणि एक रक्ताची. जिवाणूंची आदल्या संध्याकाळीच लावून इन्क्युबेटरमध्ये ठेवली होती. रक्ताची सकाळी लावायची, तिला तासभर पुरतो.

विंचवाच्या विषावर काम म्हटलं की लोकांना काचेच्या पेट्या आणि चिमटे दिसतात. आमच्या प्रयोगशाळेत एकही विंचू नाही. येते ती कुपीच्या तळाशी चिकटलेली पांढरी भुकटी. रेझिनच्या कणांवर एकामागून एक अमिनो आम्ल जोडत नेलेली साखळी, म्हणजे पेप्टाइड, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) शुद्ध केलेली. आमचं मूळ पेप्टाइड आयएससीटी, मादागास्करच्या एका विंचवाच्या विषात सापडलेलं. अमिनो आम्लं फक्त १३ आणि डायसल्फाइड बंध (साखळीचे भाग एकमेकांना बांधणारा गंधकाचा जोड) एकही नाही, त्यामुळे बनवायला सोपं. पाण्यात ते सैलसर असतं. पेशीपटलाला टेकलं की पीळ घेतं आणि त्या पिळाच्या एका अंगाला तेलकट अमिनो आम्लं येतात, दुसऱ्या अंगाला धनभारित. जिवाणूंच्या पटलावर ऋणभार असतो, तिथे ते ओढलं जातं, आत घुसतं आणि पटल फोडतं.

अडचण अशी की ते आपल्या तांबड्या पेशीही फोडतं. त्यांच्या बाहेरच्या थरावर ऋणभार फारसा नसतो, पण तेलकट बाजू जोरदार असेल तर पेप्टाइडला भाराची गरजच उरत नाही. साबणासारखं समोर येईल ते पटल विरघळवत सुटतं.

म्हणून आम्ही एखाददुसरं अमिनो आम्ल बदलून त्याची काही रूपं करून घेतली होती. त्यातलं एक माझ्या सहकाऱ्याच्या, अनुक्रम बघून गुण देणाऱ्या प्रोग्रॅमने पहिल्या क्रमांकावर ठेवलेलं. हेलिकल व्हीलवर, म्हणजे पीळ टोकाकडून बघितल्यासारख्या वर्तुळाकार चित्रात, काढलं तर इतकं देखणं, की पाठ्यपुस्तकात छापावं. निम्मं वर्तुळ तेलकट, निम्मं धनभारित, मध्ये कुठे सरमिसळ नाही. तुलनेसाठी सोबत एक जुनं रूप घेतलं होतं. कोरियातल्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेलं. त्यात तीन अमिनो आम्लं बदललेली: सातव्या जागेवरचं ग्लुटामेट काढून लायसिन, अकराव्या जागेवर सेरिनऐवजी लायसिन आणि आठव्या जागेवर ग्लायसिनऐवजी प्रोलिन. भार +२ वरून +५ वर जातो. पण प्रोलिन म्हणजे पिळाच्या ऐन मध्यावर वाक. व्हीलवर ते दिसतच नाही. व्हील पीळ सरळ आहे असं धरूनच चालतं.

जिवाणूंची प्लेट उजेडाकडे धरली. एका रांगेत एक पेप्टाइड, पुढच्या प्रत्येक विहिरीत मात्रा कमी. जिथे वाढ झाली तिथे विहिरीच्या तळाशी पांढरं बटण बसतं, जिथे नाही तिथे द्रव स्वच्छ. देखण्या रूपाची रांग अगदी खालच्या मात्रेपर्यंत स्वच्छ होती. प्रोलिनवाल्याची बटणं त्याच्या थोडी आधी सुरू झाली होती. सहकारी मागेच उभा होता.

"बघा मॅडम, सांगितलं होतं ना?"

"रक्त होऊ दे," मी म्हटलं.

धुतलेल्या तांबड्या पेशी, ३७ अंश, एक तास, मग सेंट्रिफ्यूज. पेशी शाबूत असतील तर त्या तळाला बसतात आणि वरचा द्रव पाण्यासारखा राहतो. फुटल्या तर हिमोग्लोबिन बाहेर येतं. शेवटच्या स्तंभात ट्रायटन, म्हणजे सगळ्या पेशी फोडणारा साबण, घातलेलं असतं, तो रंग म्हणजे शंभर टक्के. या प्लेटला यंत्रावर न्यायची घाई नसते, आधी डोळ्यांनीच कळतं. देखण्याची रांग ट्रायटनच्या शेजारी ठेवली तर कुठली कोणती ते सांगता येऊ नये इतकी लाल. जिवाणू मरत होते त्याच मात्रेला पेशीही फुटत होत्या. मूळ आयएससीटीची रांग त्याच्या खालोखाल. प्रोलिनवाली रांग मात्र वरच्या एकदोन विहिरींत जरा गुलाबी, पुढे नितळ. हा निकाल मी वाचलेला होता, तरी आपल्या हातातल्या प्लेटमध्ये तो बघताना मी ती दोनदा फिरवून खुणा तपासल्या.

सहकारी काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "प्रोग्रॅम चुकला नाही." त्याचं बरोबर होतं. जिवाणू मारण्याच्या मात्रांची माहिती मुबलक मिळते, तांबड्या पेशींची त्या मानाने तुटपुंजी. जे भरपूर मिळालं त्यावरच तो शिकला आणि जे शिकला ते त्याने चोख केलं. माझ्या मते जिवाणू मारणारं पेप्टाइड रचणं हा या कामातला सोपा भाग आहे. खरी कसोटी कुणाला सोडून द्यायचं याची, आणि ती फक्त पिळाचं चित्र बघून कळत नाही.

दुपारी प्रोलिनवाल्यात ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर, टाकलं. इथे आनंद आटोपला. ट्रिप्सिन लायसिनच्या पुढे कापतं आणि आम्ही लायसिनच वाढवली होती. सातव्या लायसिनपुढे प्रोलिन असल्याने तो बंध वाचतो, पण बाकीचे उघडेच. एचपीएलसीच्या आलेखावर मुख्य शिखर बसत गेलं आणि आजूबाजूला तुकड्यांची छोटी शिखरं उगवली. रक्तातले प्रोटिएझ, म्हणजे अशीच कापणारी विकरं, याहून दयाळू असतील असं मानायला जागा नाही.

मग ठरलं, हेच पेप्टाइड डी-अमिनो आम्लांचं करून घ्यायचं. प्रोटिएझना ती आरशातली रूपं सहसा कापता येत नाहीत आणि पटल फोडायला उजवं-डावं फारसं आडवं येत नाही. खर्च वाढणार होता, पण पर्याय दिसेना. प्रत्येक अमिनो आम्लाला एक इंग्रजी अक्षर असतं, नेहमीची रूपं मोठ्या आणि डी रूपं लहान अक्षरांत लिहायची पद्धत आहे, तसा अनुक्रम मी लिहून सहकाऱ्याला दिला. त्याने तो प्रोग्रॅममध्ये टाकला आणि हसायला लागला. प्रोग्रॅमने सगळी अक्षरं मोठी करून घेतली होती आणि नेहमीच्या रूपाचाच गुण परत दिला होता.