अमळनेरचा पोरगा डीबगरच्या टीममधे : माझा अनुभव

आमच्या अमळनेरात कॉम्प्युटर कंपनीचा विषय निघाला की जुनी माणसं विप्रोच्या शेअरवर येतात, कारण १९४५ ला ती कंपनी इथंच वनस्पती तुपापासून सुरू झाली. पण डीबगर, म्हणजे चालत्या प्रोग्राममधली चूक शोधायचं टूल, बनवणं हीपण एक नोकरी असते हे मला जळगावला इंजिनिअरिंग करताना कोणीच सांगितलं नाही. सगळे अ‍ॅप्टिट्यूड घोकत होते, मीपण घोकलं, पुण्यात टेस्टिंगमधे लागलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी गंमत जीडीबीमुळे सुरू झाली. रिचर्ड स्टॉलमननं १९८६ ला लिहिलेला हा डीबगर अजून रोज वापरात आहे. ब्रेकपॉइंट, म्हणजे कोडमधे 'इथं थांब' अशी खूण, लावला की चालता प्रोग्राम बरोब्बर तिथंच थांबतो, पण त्याला थांबवतं कोण? हे काही डोक्यातून जाईना, म्हणून सुट्टीत घरी आल्यावर लिनक्सच्या पीट्रेसवर (एका प्रोग्रामनं दुसऱ्याला ताब्यात घ्यायची सोय) स्वतःचाच छोटा डीबगर लिहायला घेतला. मे महिना, पारा ४५ च्या आसपास, लाइट गेली की कूलर बंद, आणि आईचं एकच, "ते बंद कर नि पहिले जेवी ले!"

तर होतं असं की इंटेलच्या प्रोसेसरवर डीबगर ब्रेकपॉइंटच्या जागेवरच्या इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट काढून स्वतःकडे ठेवतो आणि तिथं हेक्समधला सीसी हा 'थांब' सांगणारा बाइट टाकतो. प्रोसेसर तिथं आला की ट्रॅप, म्हणजे काम सोडून कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) जातो, मग कर्नल सिगट्रॅप नावाचा सिग्नल पाठवतो आणि प्रोग्राम जागेवर उभा. आता पुढं जायचं तर मूळ बाइट परत ठेवा, इन्स्ट्रक्शन पॉइंटर (पुढची इन्स्ट्रक्शन कुठली तो पत्ता) एक बाइट मागे घ्या, एकच स्टेप चालवा, परत सीसी टाका, मग सोडा. एवढं स्वतःच्या कोडमधे चाललं ना, मी अंगणात जाऊन नाचलो राव.

पुढचा ड्वार्फ फॉरमॅट मात्र जाम कंटाळवाणा, म्हणजे कुठला पत्ता सोर्सच्या कुठल्या ओळीचा हे कंपायलर ज्यात लिहून ठेवतो ते. पण त्याच्याशिवाय डीबगर नुसते आकडे दाखवतो, त्यामुळे टाळता येत नाही.

मग टूलचेनवाल्या (कंपायलर, डीबगर असली टूल बनवणाऱ्या) एका टीमचा इंटरव्ह्यू आला. त्यांनी डिग्रीचं काही विचारलंच नाही, थेट विचारलं की मूळ बाइट परत ठेवला त्या क्षणात दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्रामचं सोबत चाललेलं दुसरं काम) न थांबता तिथून निसटला तर? मी सांगितलं, एकतर बाकीचे थ्रेड थांबवून ठेवायचे, नाहीतर ती इन्स्ट्रक्शन दुसऱ्या जागी कॉपी करून तिथं चालवायची. पुढचा तासभर आम्ही बोर्डवर नुसते बाण काढत होतो, पगाराची गोष्ट एचआरनं नंतर केली.

आता काम म्हणजे बरंचसं दुसऱ्यांच्या कोअर फाइल (प्रोग्राम कोसळला त्या क्षणाच्या मेमरीची कॉपी) बघणं. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमधे नेमकं हवं तेच व्हेरिएबल गायब असतं, कस्टमर सिंबॉल (पत्त्यांची नावं सांगणारी माहिती) दुसऱ्याच बिल्डचे पाठवतो, त्यामुळे माझं पहिलं काम बिल्ड आयडी (प्रत्येक बिल्डचा ओळख नंबर) जुळतो का ते बघणं, बाकी सगळं नंतर. मोझिलातून आलेलं आरआर हे रेकॉर्ड करणारं डीबगर टूल तर मला फार आवडतं, एकदा रेकॉर्ड केलं की प्रोग्राम मागे-पुढे कितीही फिरवा, पण त्याला प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर (आतल्या घडामोडी मोजणारे आकडे) लागतात आणि क्लाउडवरच्या बऱ्याच मशीन ते देतच नाहीत, म्हणून टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप खास त्याच्यासाठी ठेवलाय.